सहाच्या वरचा पत्ता

आमच्या ताईला ऑफिसात पाठीमागे ‘स्पीडब्रेकर’ म्हणत. समोर म्हणायची कोणाची छाती नव्हती. एकदा चुकून तिच्या कानावर गेलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “बरोबर आहे. पुढे शाळा असते, म्हणूनच बसवतात ना?” आणि डबा उघडून जेवायला लागली.

ताईचं काम अंदाज सांगण्याचं. एखादं गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, आम्हाला अमुक एक सॉफ्टवेअर हवं. नक्की कसं हवं ते त्याला माहीत नसतं, आणि जे सांगतं ते त्याला नको असतं. अशा, अजून कोणीच न पाहिलेल्या वस्तूला किती माणसं आणि किती महिने लागतील, हे ताईने काम सुरू व्हायच्या आधी सांगायचं. ज्योतिषीही निदान पत्रिका मागतो. मी त्याच कंपनीत माहितीपुस्तिका लिहायला होतो. ‘कोपऱ्यातलं हिरवं बटण दाबा’ असं मी लिहून टाकायचो, आणि पुष्कळदा ते बटण त्यानंतर जन्माला यायचं. त्यामुळे त्या ऑफिसातल्या तारखा कशा तयार होतात, ते मी अगदी जवळून पाहिलं आहे.

पूर्वीची पद्धत सोपी होती. ज्याला काम करायचं आहे तो मनातल्या आकड्याच्या दुप्पट सांगायचा, कारण साहेब निम्मं करणार हे त्याला ठाऊक असे. साहेब निम्मं करायचे, कारण हा दुप्पट सांगतोय हे त्यांना ठाऊक असे. दोघेही एकमेकांना लबाड समजून अत्यंत प्रामाणिकपणे वागत आणि गाडं चाललेलं असे. या व्यवस्थेत अडचण एकच होती, ती म्हणजे ताई. ती मुळात लागतील तेवढेच महिने सांगायची. साहेब सवयीने त्याचे निम्मे करायचे. मग मुदत संपत आली की ताई आणि तिची माणसं ऑफिसातच जेवायची, ऑफिसातच भांडायची आणि खुर्चीतच डुलक्या काढायची.

“अगं, तू पण दुप्पट सांग ना,” मी एकदा म्हणालो. “सगळे सांगतात.”

“का म्हणून? एक तर काम मी करायचं, वर खोटंही मीच बोलायचं?”

आता या बाईचा नवरा कोण असावा? शिंपी. आमचे भावोजी.

भावोजींचं दुकान घराच्या खालीच. कापणीचं टेबल, दोन मशीनं आणि भिंतीभर अर्धवट शिवलेले कपडे, सगळ्यांच्या बाह्या खाली लोंबत, शिक्षा झालेल्या वर्गासारख्या. या दुकानात आठवड्याला एकच वार. “गुरुवारी या.” कोणता गुरुवार, हे भावोजींनी आयुष्यात कोणाला सांगितलं नाही, म्हणून ते खोटं बोलले असं कोणी सिद्ध करू शकलं नाही. गिऱ्हाइकांची कधी तक्रारही नसे. ‘गुरुवारी’ ऐकलं की माणसं समाधानाने जात आणि गुरुवारी येऊन पुढच्या गुरुवारचं समाधान घेऊन परत जात. स्वतःच्या लग्नाचा कोटही भावोजींनी स्वतःच शिवला. लग्नाच्या प्रत्येक फोटोत त्यांचा डावा हात ताईच्या पाठीमागे आहे. बघणाऱ्याला वाटतं, काय प्रेम आहे! प्रेम होतंच. पण त्या बाहीचं अस्तर राहिलं होतं.

या भावोजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले. सुरुवात एका वकिलाच्या काळ्या कोटापासून झाली. भावोजींनी त्याची काजं गडद निळ्या दोऱ्याने केली. वकिलाला वाटलं, नवी फॅशन. त्याने तसाच दुसरा कोट टाकला. पण ताईने तो कोट पाहिला आणि भावोजींना तडक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काळा आणि निळा यांतला फरक ज्याला दिसत नाही, त्या शिंप्याचं उद्या काय?

ऑपरेशनची तारीख दोनदा घेतली आणि दोनदा पुढे ढकलली. दोन्ही वेळा कारण तेच. ताईने सांगितलेल्या महिन्यांचे साहेबांनी निम्मे केले होते, आणि ऑपरेशनची तारीख नेमकी त्या शेवटच्या गदारोळात आली. डोळ्यांत दिवसातून कितीदा तरी थेंब घालायचे, वाकू द्यायचं नाही, आणि मुख्य म्हणजे या माणसाला मशीनवर बसू द्यायचं नाही. हे काम ताईशिवाय कोणाच्या बापाला जमणारं नव्हतं.

तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, “आता रांगेत साडेचार महिन्यांनंतरची तारीख आहे. ती चुकवू नका. मोतीबिंदू पिकून दगड झाला, तर मी काही खात्री देणार नाही.”

घरी येताना भावोजी म्हणाले, “बघू की. नाही जमलं तर त्याच्या पुढच्या गुरुवारी...”

“अहो,” ताई रस्त्यातच थांबली, “तुमचा गुरुवार माझ्या घरात आणायचा नाही. मी तुम्हाला तारीख दिली आहे. मी दिली आहे, कळलं?”

आणि त्याच आठवड्यात बस आगाराचं काम आलं.

आगाराला ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावणारं सॉफ्टवेअर हवं होतं. आमच्या विक्रीवाल्याने आगारप्रमुखांना जेवायला नेलं. हा विक्रीवाला म्हणजे अत्यंत गोड माणूस. त्याला कोणाचंही मन मोडवत नसे, आणि ते न मोडण्याचा खर्च नेहमी दुसऱ्याच्या खात्यावर पडे. आगारप्रमुखांनी विचारलं, “सहा महिन्यांत होईल का?” याला ते इतके आवडले होते की हा म्हणाला, “चार!”

आता चार हा आकडा सगळ्यांनी आपणहून काढणं एवढंच काय ते बाकी राहिलं. त्यासाठी साहेबांची नवी पद्धत होती. साहेब कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले होते आणि तिथून पत्ते घेऊन आले होते. प्रत्येकाकडे एक ते बारा आकड्यांचा जोड. जितके महिने वाटतात, तितक्याचा पत्ता पालथा टाकायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा, म्हणजे कोणी कोणाचं बघून बोलायला नको. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान पत्ता ज्याचा, त्याने कारण सांगायचं. मग पुन्हा टाकायचे. एकमत होईपर्यंत टाकतच राहायचं. हे नियम साहेबांनी चौकटीत बसवून भिंतीवर लावले होते, आणि येणाऱ्या पाहुण्याला ते त्या चौकटीसमोर उभं करत.

टेबलाला ताई, दाढीवाला, चाचणीवाली आणि जुळे. दाढीवाला सगळी माहिती साठवायचं काम बघायचा. चाचणीवाली झालेल्या कामातल्या चुका शोधायची, म्हणून कोणालाच आवडायची नाही. जुळे म्हणजे दोन प्रोग्रॅमर. त्यांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं, फक्त दोघांत मिळून मत एकच होतं. विक्रीवाला आणि साहेब नुसते बघायला, आणि मी कोपऱ्यात. पुस्तिकावाल्याला पत्ते देत नाहीत.

“मी काही बोलणार नाही,” साहेब म्हणाले. “तुमचं तुम्ही मोकळेपणाने ठरवा. फक्त पार्श्वभूमी म्हणून सांगतो, आपण चार सांगून बसलोय. हं, टाका.”

पत्ते पडले. उलटले. चार, चार, चार, चार. आणि ताईपुढे अकरा.

साहेबांनी त्या अकराकडे जेवणात निघालेल्या खड्यासारखं पाहिलं. पण चौकट भिंतीवर होती.

“लहान पत्त्यांनी आधी सांगा,” ताई म्हणाली. “चार कसे?”

जुळ्यांतला एक म्हणाला, “चार म्हणजे... होऊन जाईल.”

“पण कसं?”

“पटापट,” दुसरा म्हणाला.

मग ताईने आपलं सांगितलं. ती आगारात जाऊन बसून आली होती. ड्युटी लावणं सोपं आहे, ती म्हणाली, लावलेली ड्युटी मोडते तिथे सगळी मेख आहे. बस बंद पडते, ड्रायव्हर आजारी पडतो, पहिल्याला सोडवायला दुसरा जातो आणि दुसऱ्याची विश्रांती बुडते. विश्रांती बुडालेला माणूस उद्या बस चालवतो. “आणि तिथे वेळापत्रक वर्षातून एकदा बदलतं. एक बदल आपल्या डोळ्यांदेखत, जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालवून पार पडला पाहिजे. त्याच्या आधी ‘झालं’ म्हणायचं नाही. पुढचा बदल नवव्या महिन्यात आहे. तो मी ओढून चौथ्यात आणू का?”

“ताई,” साहेब गोड आवाजात म्हणाले. ते तिच्याहून लहान. एरवी तिला ‘मॅडम’ म्हणायचे, काही काढून घ्यायचं असलं की ‘ताई’. “ताई, थोडं सकारात्मक बघा ना.”

“बघते की. अकराव्या महिन्यात नक्की होईल, असं मला अगदी सकारात्मक वाटतंय.”

दुसरी फेरी. चार, चार, चार, पाच, अकरा. पाच चाचणीवालीचा. साहेबांनी तिच्याकडे पाहिल्याबरोबर ती पाण्याची बाटली शोधायला टेबलाखाली गेली.

“आता पाचचं राहू दे. अकराचं कारण सांगा,” साहेब म्हणाले.

“मघाशी सांगितलं तेच. अजून जुनं झालेलं नाही.”

पुढच्या फेरीत चाचणीवालीचा पाच परत चार झाला. ताईचा अकरा अकराच. साहेबांनी सैल केलेला टाय आणखी सैल केला. एकमताशिवाय आगाराला कागद देता येत नव्हता, आणि आगारप्रमुख तर संध्याकाळी येणार होते. “चहा घेऊ या,” साहेब म्हणाले.

व्हरांड्यात मी ताईला गाठलं. “अगं, ऐक माझं. चार म्हण आणि मोकळी हो. झालं नाही तर नाही झालं. सगळे तेच करतात. तुलाच मेलीला कसला एवढा हट्ट?”

“झालं नाही तर पाचव्या महिन्यात मी कुठे असेन?” ती म्हणाली.

“इथे.”

“आणि ते कुठे असतील?”

मी चहाचा कप कठड्यावर ठेवला. पाचव्या महिन्यात भावोजी कुठे असतील, ते मला दिसत होतं. मशीनवर, खिडकीकडे तोंड करून, सुई नाकाला लावून, आणि म्हणत, बघू पुढच्या गुरुवारी.

“चहा पी,” ताई म्हणाली. “आणि मेली म्हणू नकोस. मला अजून बरंच काम आहे.”

आत गेलो तर पत्त्यांचे जोड टेबलावर नीट रचून ठेवलेले. ताईने आपला हातात घेतला, चाळला, पुन्हा चाळला.

“साहेब, माझ्याकडे सहाच्या वर पत्ता नाही.”

“कोणाकडेच नाही,” साहेब म्हणाले. त्यांच्या कोटाचे दोन्ही खिसे फुगले होते. “मी विचार केला, एवढे मोठे आकडे समोर असले की माणसाचं मन उगाच तिकडे धावतं. आता एक ते सहा. एकदम सुटसुटीत.”

विक्रीवाल्याने कौतुकाने मान हलवली. दाढीवाल्याने पहिल्यांदाच दाढी खाजवायची थांबवली. मी आजवर खूप माणसं पाहिली आहेत, पण पत्ते काढून घेतल्याने काम कमी होईल असं मनापासून मानणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला, आणि तो आमचा वरिष्ठ होता.

“हे नियमात कुठे आहे?” ताईने विचारलं.

“नियमात पत्ते किती असावेत तेही कुठे नाही. वाचा, भिंतीवर आहे.”

ताई उठली. चौकटीसमोर गेली. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं. परत येऊन बसली.

“बरोबर आहे. नाहीये.”

“मग? टाका.”

टाकले. उलटले. चार, चार, चार, चार. ताईने पुढ्यात सहा टाकला होता. साहेबांचा चेहरा खुलला. अकरावरून सहावर आली, आता चारवर यायला किती वेळ? तेवढ्यात ताईने सहाच्या शेजारी दुसरा पत्ता सरकवला. पाच.

“हे काय?”

“सहा आणि पाच. अकरा.”

“एका माणसाने एकच पत्ता टाकायचा!”

“नियमात कुठे आहे?” ताई म्हणाली. “वाचा, भिंतीवर आहे.”

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, पण त्याऐवजी चाचणीवालीचं हसू पडलं. तिने तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. आणि एकदा हसून बसल्यावर आता भ्यायचं कशाला, असं तिला वाटलं असावं. पुढच्या फेरीत तिने सहा आणि चार टाकले.

“मॅडम, ही थट्टा नाही!” साहेब ओरडले.

“नाहीच,” चाचणीवाली म्हणाली. “मागच्या कामात माझ्या चाचणीला शेवटचे दोन दिवस उरले होते, सर. त्यातला एक रविवार होता.”

जुळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या ऑफिसच्या इतिहासात पहिल्यांदाच एकाने चार टाकला आणि दुसऱ्याने सहा-चार. पहिल्याने दुसऱ्याकडे असं पाहिलं, की जणू याने घर वाटून मागितलं आहे. दाढीवाल्याला तर चेव आला. त्याने धाडकन सहा आणि सहा टाकले. एक सहा त्याने शेजारच्या जुळ्याकडून उसना घेतला होता.

“बारा!” तो म्हणाला आणि शाबासकीसाठी ताईकडे पाहिलं.

“बारा कसे?” ताईने विचारलं.

“म्हणजे... तुमच्या बाजूने.”

“माझ्या बाजूने आहेस म्हणून एक महिना फुकट घेऊ? बारा लागत नाहीत, अकरा लागतात. उचल तो.”

दाढीवाल्याने मुकाट्याने एक सहा उचलून पाच ठेवला.

याच वेळी दार उघडून आगारप्रमुख आत आले. ठरल्या वेळेआधीच आले होते. वेळेवर बस सोडणाऱ्या माणसाला बहुधा तशी सवय असते. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. प्रत्येकापुढे दोन-दोन पत्ते, एका जुळ्यापुढे एक.

“काय चाललंय? खेळ?”

“छे छे! आपलाच अंदाज!” विक्रीवाला धावला. “चार! जवळजवळ एकमताने!”

आगारप्रमुखांनी ताईपुढचे पत्ते वाचले. त्या दिवशी आगारात आलेली बाई त्यांनी ओळखली. “तुमचं काय म्हणणं, बाई?”

साहेबांनी ताईकडे पाहिलं. त्या नजरेत बढती होती, बदली होती, विनवणी होती आणि दटावणी होती. एवढं सगळं एका नजरेत मावतं, हे मला तेव्हा कळलं.

“अकरा महिने,” ताई म्हणाली. “चार सांगितले, तर चौथ्या महिन्यात तुम्हाला जे मिळेल त्याला एक आजारी माणूस आणि एक बंद बसही झेपणार नाही.”

आगारप्रमुखांनी ताईपुढचा पाच उचलून पाहिला आणि परत ठेवला. मग म्हणाले, “दुसरी कंपनी तीन म्हणतेय.”

“म्हणू दे.”

“मला वर तीन सांगितलं तर शाबासकी मिळेल. अकरा सांगितलं तर उद्या माझ्याच ड्युटीची चौकशी होईल.”

“मग तीनवाल्यांकडे जा,” ताई म्हणाली. “पण मी तीन म्हणणार नाही. चारही नाही.”

ते गेले. खरोखर गेले. त्यांच्या बुटांचा आवाज जिना उतरून खाली जाईपर्यंत आम्ही सगळे ऐकत होतो. विक्रीवाला खुर्चीत असा बसला, की जणू त्याच्यातली हवा कोणी काढून घेतली आहे.

“मॅडम,” साहेब म्हणाले, “उद्यापासून तुम्ही या टेबलावर बसायचं नाही. जुन्या कामांची दुरुस्ती बघा. खालच्या मजल्यावर.”

“चालेल. आधी माझे पत्ते द्या.”

“काय?”

“जोड बाराचा होता. सहाच आहेत. मी वस्तू पूर्ण परत करते.”

साहेबांनी रागाने दोन्ही खिसे उपडे केले. सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, पाचही जोडांचे. कंपनीचे सगळे मोठे महिने टेबलावर सांडले आणि काही घसरून विक्रीवाल्याच्या पायाशी गेले. ताईने शांतपणे आपले सहा वेचले, जोड लावला, रबर चढवलं आणि साहेबांच्या हातात दिला. मग पर्स उचलून ती निघाली. मीही निघालो. मला कोणी काढलं नव्हतं, पण तिथे थांबून कोणतं हिरवं बटण लिहायचं होतं?

खालचा मजला म्हणजे गोदामाशेजारची खोली, एक फोन आणि एक हलणारी खुर्ची. फोनवर माणसं चिडून विचारायची, “दुरुस्त कधी होणार?” आणि ताई त्यांना खरं सांगायची. काही जण फोन आपटायचे. ती रिसीव्हर जागेवर ठेवायची आणि पुढचा घ्यायची. पगार वाढला नाही. बढती जुळ्यांतल्या चारवाल्याला मिळाली.

पण वरची एक गंमत सांगायलाच हवी. साहेबांनी मोठे पत्ते बाकीच्या जोडांत परत घातलेच नाहीत. आणि नव्या कामाच्या बैठकीत चाचणीवालीने निमूटपणे दोन पत्ते टाकले. मग दाढीवाल्यानेही. नियम भिंतीवर आहेत तसेच आहेत आणि त्यात काही सापडत नाही.

तीनवाल्या कंपनीने आगाराचं काम कसं केलं, ते मला माहीत नाही. मी ताईला म्हणालो, “चौकशी करू का? पडले असतील तर साहेबांना सांगता येईल.”

“नको,” ती म्हणाली. “ते पडले तर माझे अकरा बरोबर, आणि उभे राहिले तर चूक, असं आहे का? मी कामाकडे बघून सांगितलं होतं. त्यांच्याकडे बघून नाही.”

ठरलेल्या तारखेला ठरलेल्या वेळी भावोजींचा पहिला डोळा झाला. ताईने रजा टाकली. थेंब घातले, वाकू दिलं नाही, मशीनला कुलूप लावून किल्ली ब्लाउजमध्ये ठेवली. पट्टी निघाल्यावर भावोजी पहिल्यांदा दुकानात उतरले, भिंतीवरची एक काळी पँट हातात घेतली आणि दाराच्या उजेडात धरली.

“हे निळ्या दोऱ्याने कोणी शिवलं?” ते संतापाने म्हणाले. “कोण गाढव?”

ताई आणि मी छताकडे पाहिलं.

त्याच वेळी तो वकील दारात आला, तिसऱ्या कोटाचं कापड काखेत घेऊन. “काय, बरे झालात ना? मग हा कधी देताय?”

भावोजींनी सवयीने तोंड उघडलं. “गुरु...” ताई मागे गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसून वाटाणे सोलत होती. तिने मान वर केली नाही. फक्त वाटाणे सोलायची थांबली.

भावोजींनी कापड उलगडलं. दुसरा डोळा अजून व्हायचा होता. भिंतीवरचे कपडे त्यांनी त्या एका नव्या डोळ्याने, कदाचित आयुष्यात पहिल्यांदा, मोजून पाहिले.

“दोन महिने,” ते म्हणाले.

“दोन महिने!” वकील दचकला. “अहो, असं काय बोलताय? तुम्ही नेहमी गुरुवार म्हणता. गुरुवार म्हणा की! बरं वाटतं ऐकायला.”

भावोजींनी वळून ताईकडे पाहिलं. तिच्या हातातली शेंग फुटली.

“नाही म्हणणार,” भावोजी म्हणाले. “कापड ठेवून जायचं तर ठेवा.”

वकील दारात घुटमळला, काखेतलं कापड या काखेतून त्या काखेत केलं, आणि शेवटी कापणीच्या टेबलावर ठेवलं.

“काजं मात्र निळीच हवीत,” तो म्हणाला.